फाटकाजवळचं उपाशी झाड

आंब्याची फळगळ थांबवणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच आहे, आणि तो म्हणजे मी! असं दुसरं कोणी म्हणत नाही. पण फळसंशोधन केंद्रात नोकरी मी करतो, तेव्हा म्हणायचा हक्कही माझाच. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरतात आणि ऊन चढलं की पटापट गळून पडतात, ती फळगळ. तिच्यावर मी ठिबकचं पाणी आणि खत यांचं असं वेळापत्रक बसवलं होतं की एकेक कैरी देठाला घट्ट धरून बसेल!

ही पंचाण्णव सालची गोष्ट. केंद्रातल्या झाडांवर आमच्याआधी माकडंच संशोधन करत, म्हणून प्रयोगाला मी प्रतापनगरच्या आमच्या अंगणातले दोन केसर आंबे निवडले. माझ्या वडिलांनी, नानांनी, रेल्वे वर्कशॉपमध्ये असताना ते एकाच दिवशी लावले होते.

"हे बघा नाना," मी समजावलं, "मागच्या झाडाला सगळं द्यायचं. फाटकाजवळच्याला काही म्हणजे काही नाही! त्याला कंट्रोल म्हणतात. त्याच्या कैऱ्या गळल्या तरच माझं वेळापत्रक खरं ठरणार."

"जुळ्यांतल्या एकाला जेवायला वाढायचं आणि दुसऱ्याला बघत बसवायचं? हेच शिकलास का रे उदय, पीएच.डी.त?"

"नाना, शास्त्र आहे ते!"

चुकून कोणी पाणी घालू नये म्हणून फाटकाजवळच्या झाडाला मी रस्त्याकडे तोंड करून पाटी बांधली. मराठीत आणि गुजरातीत, ठसठशीत अक्षरांत: 'या झाडाला काहीही दिले जात नाही.' येणारेजाणारे थांबून वाचायचे, मान हलवायचे. माझी छाती फुगायची. शास्त्राची एवढी गोडी फक्त आपल्या बडोद्यातच!

एप्रिलमध्ये माझं झाड लगडलं. आणि कंट्रोलही लगडलं! दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी नाही!

"मोहना, माझं खत मुळांवाटे शेजारच्या झाडापर्यंत पोचतंय! काय ताकद आहे बघ!"

"हो का?" माझी बायको म्हणाली आणि तांदळाच्या धुवणाचं पातेलं उचलून लगबगीने बाहेर गेली. आनंद झाला असेल बिचारीला.

मी तडक कृषी विद्यापीठातल्या अमीनसाहेबांना बोलावलं. त्यांनी शिफारस केली की माझं वेळापत्रक गुजरातभरच्या बागांत जाणार होतं, तेही माझ्या नावासकट! साहेब ऊन टाळायला भल्या सकाळी आले. त्या वेळी मी एरवी घोरत असतो.

"कंट्रोल कुठलं?" साहेबांनी विचारलं.

मी ऐटीत पाटीकडे बोट केलं. तेवढ्यात शेजारच्या रमीलाबेन कळशी घेऊन फाटकातून आत आल्या. "जय श्रीकृष्ण!" म्हणत त्यांनी अख्खी कळशी बुंध्याशी उपडी केली.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडलो.

"बिचारुं तरस्युं छे!" रमीलाबेन म्हणाल्या, आणि तहानलेल्या झाडाला आम्ही काहीच देत नाही अशी वळून साहेबांकडे माझीच तक्रार केली, "आ लोको एने कशुंय आपता नथी! बोर्ड पण मार्युं छे!"

त्यांच्यामागून फिरायला निघालेले दोन काका आले. त्यांनी आपापल्या बाटल्या रिकाम्या केल्या. दूधवाल्याने सायकल थांबवून कॅन विसळला आणि ते पाणी ओतलं. मी तोंड उघडणार, तोच एका बाजूने नाना शेणखताचं घमेलं घेऊन आले आणि दुसऱ्या बाजूने मोहना पातेलं घेऊन!

"नाना, तुम्हीपण?" मोहनाने विचारलं.

"अगं, मला वाटलं, मी एकटाच!"

साहेबांनी दोन्ही झाडं खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "फरक शून्य," ते म्हणाले. "शिफारस करायची तर या पाटीची करावी लागेल!"

मला फार वाईट वाटलं. नानांना मात्र नाही. ते फाटकात उभे राहून अख्ख्या गल्लीला सांगत होते, "दोन्ही माझीच! दोन्ही पहिल्या नंबरात!" आणि खरं सांगतो, मे महिन्यात आंबे उतरवले तेव्हा माझाही ऊर भरून आला. प्रयोग फसला असेल, पण असे आंबे कुणाच्या अंगणात होते हो? अमीनसाहेबही येऊन पेटी भरून घेऊन गेले. कंट्रोलच्याच आंब्यांची!

आंबे पिकल्यावर एका दुपारी रसाचं जेवण झालं. नानांना वाटी, रमीलाबेनना वाटी, दोन्ही काकांना वाटी. माझं ताट तसंच.

"माझी वाटी?"

"तुम्ही आज कंट्रोल," मोहना म्हणाली. "तुम्हाला काही म्हणजे काही नाही!"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी रिकामं ताट घेऊन तरातरा फाटकाशी गेलो आणि पाटीखाली उभा राहिलो. म्हटलं, बडोद्याची माणसं कनवाळू आहेत. आणि आहेतच! येणारेजाणारे थांबले, त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहून हळहळलेसुद्धा.

आणि मला जरा बाजूला सरकवून, झाडाला पाणी घालून गेले!