चालते व्हा

देगलूरकर मास्तर लोकांच्या मागे मागे चालायचे. हैद्राबादच्या सुलतान बाजारात एखाद्याची चाल नजरेत भरली की हे त्याच्या मागे चार पावलांवर, तस्साच खांदा पाडून, तस्साच पाय ओढत, हातात पेन्सिल घेऊन. एकदा एका कापडवाल्यानं त्यांना पाकीटमार समजून मनगट धरलं. मास्तर उलट त्याच्यावरच डाफरले, "मियाँ, तुम्हारा बायाँ घुटना मुडताच नै. हकीम को दिखाओ पहले."

हे आमचे ड्रॉइंग मास्तर. माझा त्यांच्यावर फार राग होता. तो का होता आणि त्याचं पुढं काय झालं, ते सांगते.

आमची शाळा मराठी, वर्ग नववीचा, आणि वर्गात आम्ही नऊजणं. बाकीच्या शाळांतली मुलं केळं आणि सुरई काढत होती तेव्हा मास्तर आम्हाला चालती चित्रं शिकवत होते. कचेरीतून रद्दीत आलेले कागद आणायचे. त्यांच्या एका बाजूला उर्दू मजकूर, दुसरी कोरी. तळहाताएवढे तुकडे कापायचे, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे आणि प्रत्येक तुकड्यावर माणसाचा पाय केसभर पुढं सरकवायचा. चाळीस तुकडे झाले की जाड धाग्यानं शिवायचे. मग अंगठ्यानं पानं भराभरा सोडली की माणूस चालायला लागतो. सोडताना मास्तर त्या कागदी माणसावर ओरडायचे, "चालता हो!"

तेच ते आमच्यावरही ओरडायचे. चित्र जमलं की "चालती हो", आणि नाही जमलं की दाराकडे बोट दाखवून "चालती हो". यातलं कुठलं कोणतं ते त्यांच्या भुवयांवरून ओळखावं लागे. मास्तरांनी मला एका दिवसात तीनदा चालती हो म्हटल्याचं ऐकून आमची आई चिक्कडपल्लीच्या घरून तरातरा भांडायला आली होती. मास्तरांनी तिला मान खाली घालून सगळं बोलू दिलं आणि ती निघाल्यावर तिची चाल कागदावर काढून घेतली.

पाय कसा उचलला जातो हे दाखवायला ते स्वतः वर्गात चालत आणि मध्येच थांबत, एक पाय हवेत. मग आम्ही काढायचं. काढून झालं की एकेकानं "झालं, मास्तर" म्हणायचं, आणि नववं "झालं" ऐकल्याशिवाय ते पाय टेकत नसत. नववी नेहमी मीच असे. मला ओळ खोडून पुन्हा काढायची खोड. मास्तर थरथरत, घामाघूम होत, पण पाय वरच. "कुमुद, माझा पाय तुझ्या नावानं रडायलाय," म्हणायचे. एकदा हेडमास्तर डोकावले, तर त्यांना एका पायावरूनच नमस्कार केला.

त्या वर्षी, छप्पन्न साली, हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आमच्या घरात, शेजारच्या घरात, सगळीकडे एकच प्रश्न, की आपण कुठल्या तुकड्यात. शाळेत ठरलं की नव्या राज्याच्या आनंदाप्रीत्यर्थ शिक्षणखात्याच्या साहेबांना एक चालती वही भेट द्यायची. मास्तर म्हणाले, झेंडा काढू. खांबाच्या तळाशी घडी घातलेला झेंडा, तो हळूहळू वर चढतो आणि टोकाला जाऊन फडकतो. आम्ही नऊजणांनी पंधरा दिवस डोळे फोडून साठ पानं काढली आणि मास्तरांनी ती स्वतः शिवली.

घात तिथंच झाला. मास्तर शिकले उर्दू शाळेत. त्यांच्या लेखी पुस्तकाची शिवण उजवीकडे. शाळेतल्या वह्याही ते तशाच शिवत आणि आम्हाला त्याची सवय झालेली. साहेबांना कुठली असायला? त्यांनी आपल्या पद्धतीनं वही उघडली आणि अंगठ्यानं पानं सोडली. भर सभेत, सगळ्यांच्या समक्ष, डौलात फडकणारा झेंडा सरसर खाली आला आणि त्याची घडी झाली.

साहेबांचा चेहरा पडला. हेडमास्तर पांढरे पडले. मास्तर पुढं होऊन म्हणाले, "साहेब, उलटी धरलीत तुम्ही."

"उलटी? सरळ कशाला म्हणतात मग?"

"मी जन्मभर या बाजूनं वाचलो साहेब. आजपर्यंत कुणी उलटी बोलला नाही."

मास्तरांकडे खुलासा मागणारं पत्र निघालं. ड्रॉइंगचे आठवड्याचे चार तास होते, त्याचा एक उरला. वर सांगण्यात आलं की नववीत मुलं कमी झाली तर तोही बंद, आणि मास्तरांनी मग लेखनिकाच्या टेबलावर बसावं. मला आजही त्या हेडमास्तरांची चीड येते. साठ पानं काढलेल्या मुलांना एका शब्दानं विचारायचं सुचलं नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात आले ते धुमसतच. "सगळ्या वह्यांचे धागे उसवा. डावीकडून शिवा. आपलीच बाजू उलटी आहे म्हणे." आणि पाठमोरे होऊन फळा पुसत राहिले, तो कोरा असूनही.

मग मराठी नोकरदारांच्या मराठी तुकड्यात बदल्या निघाल्या आणि एकेक घर हलायला लागलं. कुणाचे वडील परभणीला, कुणाचे नांदेडला. नऊचे सात झाले, सातचे पाच. जो निरोप घ्यायला जाई त्याला मास्तर वर न बघता म्हणत, "चालता हो." आता भुवया बघायची गरज नव्हती.

माझे वडील महसूल खात्यात, त्यांचं नाव औरंगाबादच्या यादीत निघालं. मी मास्तरांना सांगायला गेले तेव्हा माझे डोळे आधीच भरले होते. ते म्हणाले, "हौ. म्हणजे उरले चार. मग उभी कशाला? चालती हो." मी म्हटलं, "मी काय हौसेनं जातेय?" त्यावर त्यांनी टेबलावरची एक छोटी वही माझ्याकडे सरकवली. वर ना नाव, ना गाव. मी ती उचलली आणि नमस्कार न करता निघाले.

काचीगुडा स्टेशनातून गाडी सुटल्यावर वही उघडली, आता सवय झालेली तशी शिवण डावीकडे धरून, आणि पानं सोडली. शाळेचं फाटक. आत आम्ही नऊजणं, मध्ये मास्तर. आणि फाटकातून सगळ्यांत आधी बाहेर पडले ती मी, माझ्या नेहमीसारख्या चपला फरफटत, मागच्या मागे ढकलल्यागत. माझ्यामागोमाग बाकीचेही तसेच, आपापल्या चालीनं, एकेक करून. शेवटी फाटकात एकटे मास्तर, एक पाय उचललेला, जणू लाथ मारायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हाला हाकलल्याचं चित्र काढून भेट देतो हा माणूस! चित्रं डाव्या पानांवर होती, आमच्या जुन्या वह्यांसारखी, हे रागात माझ्या ध्यानातही आलं नाही. वही ट्रंकेच्या तळाशी गेली आणि पत्र पाठवायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

औरंगाबादला वर्षभरानं ट्रंक आवरताना ती वडिलांच्या हाती लागली. वडीलही उर्दूत शिकलेले. त्यांनी ती त्यांच्या बाजूनं, शिवण उजवीकडे धरून उघडली, पानं सोडली आणि हसले. "कुमुद, बघ की, शाळेत यायलीत पोरं."

मी त्यांच्या हातातून वही ओढलीच. त्यांच्यासारखी धरली आणि अंगठा सैल सोडला.

रिकामं फाटक. त्यात मास्तर एका पायावर उभे. मग एकजण आला, मग दुसरी, सगळे आपापल्या चालीनं आत. आठजणं येईपर्यंत मास्तरांचा पाय वरच. अंग वाकलंय, गुडघा थरथरतोय, तेसुद्धा त्यांनी पानापानांत काढलं होतं. सगळ्यांत शेवटी चपला फरफटत मी आले, आणि अखेरच्या पानावर मास्तरांनी पाय खाली टेकवला.

मी त्यांना नीट "येते" सुद्धा म्हणाले नव्हते. तिथंच ट्रंकेशेजारी बसून पोस्टकार्ड लिहायला घेतलं. सुचलं एवढंच, "झालं, मास्तर."