किल्ल्यांच्या जुडग्यातला कॉम्प्युटर

लोक कॉम्प्युटर टेबलावर ठेवतात, फार तर पाठीवरच्या बॅगेत घालतात. मी माझा कॉम्प्युटर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवतो! हसू नका. अख्खा कॉम्प्युटर, तोही खिशात!

त्याचं असं आहे. सलग चार रविवार खपून मी बोटाच्या पेराएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये कॉम्प्युटर चालवणारी सगळी यंत्रणाच भरून घेतली होती. कोणाच्याही कॉम्प्युटरला तो लावायचा आणि कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करायचा. बस्स! तो बिचारा आपला मालक विसरतो आणि माझा होऊन बसतो. माझ्या फायली, माझे पासवर्ड, पडद्यावर गॉगल घातलेला माझाच फोटो. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा चालू केला की तो परत ज्याचा त्याचा. मग सांगा, लॅपटॉप घेतंय कोण?

लॅपटॉप घेतला नाही, पण बाकी पुष्कळ काही घेतलं. गुंडाळून ठेवता येणारा रबरी कीबोर्ड घेतला, बिस्किटाएवढा माउस घेतला, चार तोंडांची एक वायर घेतली. कीबोर्ड आला त्याच दिवशी आईनं तो साबण लावून खसाखसा धुतला आणि दोरीवर टॉवेलांच्या शेजारी वाळत घातला! "आरं, ताटाखाली घालायचा रबर म्हनलं मी," ती म्हणाली. मी मनावर घेतलं नाही. नव्या गोष्टी समजायला वेळ लागतो.

राहिला प्रश्न पेन ड्राइव्ह हरवण्याचा. याआधी दोन हरवले होते. म्हणून हा तिसरा मी थेट जुडग्यातच अडकवला. त्यात स्कूटीची किल्ली, घराच्या कुलपाची किल्ली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या गोदामाची किल्ली. मी तिथं डिस्पॅचचं काम बघतो. किल्ल्या काही कोणी हरवत नाही, म्हणजे कॉम्प्युटरही हरवणार नाही. आहे की नाही डोकं?

आता मुद्द्यावर येतो. माझी बायको बुद्धप्रिया लिपिक भरतीची लेखी परीक्षा देणार होती. तीन वर्षं अभ्यास करत होती. पोळ्या लाटताना फ्रिजला चिकटवलेले कायदे पाठ करायची. आणि या वर्षी तिची वयोमर्यादा संपत होती. म्हणजे हीच शेवटची संधी! पुढच्या वर्षी तिला फॉर्मही भरता आला नसता.

परीक्षेच्या चार दिवस आधी ती म्हणाली, "अहो, हॉल तिकिटाचा कागद काढून आणा की."

"कागद? कशाला? डाउनलोड करून माझ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलंय. त्या दिवशी जाता जाता कुठंही जुडगा लावायचा आणि प्रिंट मारायची!"

"आजच आणा ना."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

ती काही बोलली नाही. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बायको काही बोलत नाही, तेव्हा नवऱ्यानं घाबरायला हवं. मी घाबरलो नाही.

रविवार उजाडला. साडेदहाला केंद्राचं गेट बंद होणार होतं. आई शेजारच्या बाईंबरोबर विहारात गेली होती. घराला कुलूप लावून आम्ही नऊला स्कूटीवरून निघालो आणि सात रस्ता चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात थांबलो. दुकानदार मल्लिकार्जुन. कपाळाला विभूती, हातात स्टेपलर, पुढे पाच-सहा परीक्षार्थींची रांग. दुकानात कॉम्प्युटर एकच!

एकच पान आहे म्हणत मी रांग सोडून थेट पुढे घुसलो. "द्या साहेब पेन ड्राइव्ह," तो म्हणाला. मी स्कूटीला लावलेली किल्ली काढून सगळा जुडगाच त्याच्या हातात दिला. त्यानं तो लावला. किल्ल्या कॉम्प्युटरच्या तोंडावर लोंबायला लागल्या.

"साहेब, हे विचारतंय की, फॉरमॅट करायचं का म्हणून. करू?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की रांगेतल्या एकाचं पेनच खाली पडलं. "तुमच्या कॉम्प्युटरला ते कळणार नाही. एकदा बंद करून चालू करा, मग बघा जादू!"

"बंद करून? अय्यो! मागं लोक बघा की किती हायत! ह्या अजिनाथचं तिकीट उघडलंय आताच. साइट किती हळू चाललीया आज!"

अजिनाथ म्हणजे रांगेतला पहिला मुलगा. सांगोल्याहून पहाटे मोटरसायकलवर आला होता. डोळे लाल, केस धुळीनं पांढरे. त्याचं हॉल तिकीट पडद्यावर उघडलेलं होतं आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. मल्लिकार्जुन प्रिंटरचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसला.

बुद्धप्रिया हळूच म्हणाली, "अहो, माझा अर्ज क्रमांक मला माहीत आहे. यांच्याच कॉम्प्युटरवर साइट उघडून काढू. रांगेत थांबते मी."

"दोन मिनिटं थांब गं!"

मल्लिकार्जुनचं डोकं प्रिंटरमध्ये, अजिनाथचं लक्ष बाहेर मोटरसायकलवर. मी हात लांब केला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग पटापट दोन कळा दाबल्या, आणि आलो की मी! गॉगल घालून, कंबरेवर हात ठेवून, पूर्ण पडद्यावर मीच!

"झालं!" मी म्हणालो.

"माझं तिकीट कुटं गेलं?" अजिनाथ म्हणाला.

मल्लिकार्जुननं प्रिंटरमधून डोकं बाहेर काढलं. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. "हे कोण?"

"मीच."

"माझ्या दुकानात तू कसा आलास? माझ्या फायली कुठं हायत? अकरा वर्षांचे दाखले, फोटो, लोकांचे अर्ज! येन माडिदी? काय केलास रे!"

बघा, साहेबवरून अरे-तुरेवर यायला त्याला एक मिनिट लागलं नाही.

"सगळं आहे! फक्त दिसत नाहीये. मी आधी हे तिकीट छापतो, मग..." मी हॉल तिकीट उघडलं आणि छापायची आज्ञा दिली. माझ्या कॉम्प्युटरनं प्रिंटरला ओळखच दाखवली नाही. चार रविवारांत मी सगळं भरलं होतं, फक्त या जातीचा प्रिंटर चालवायची सोय भरायची राहिली होती. नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात मल्लिकार्जुननं झडप घालून जुडगा उपसून काढला! पडदा गोठला. माझ्या फोटोतला अर्धा गॉगल आणि खाली इंग्रजी अक्षरांच्या पाच ओळी, एवढंच उरलं.

"आता?" रांगेनं एका सुरात विचारलं.

"आता फक्त बंद करून चालू करा. सगळं पूर्वीसारखं होईल," मी म्हणालो.

"परत बंद?" मल्लिकार्जुन कॉम्प्युटरच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. "एकदा बंद केलास, दुकान गेलं! आता हात लावशील तर बघ! आधी माझं दुकान दे, मग किल्ल्या देतो!" आणि त्यानं जुडगा शर्टाच्या आतल्या खिशात घातला.

म्हणजे पेच बघा. त्याचं दुकान परत यायला बटण दाबायला हवं होतं आणि बटण तो दाबू देत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरबद्दल मी शंभर टक्के खरं बोलत होतो, आणि माझ्यावर विश्वास ठेवायला एक माणूस तयार नव्हता. स्कूटी तिथंच उभी, किल्ली त्याच्या खिशात!

फोन वाजला. आई. "आरं सुमित, दाराला कुलूप लावून कुटं गेलाय? ह्या बाईला च्या पाजते म्हनून आनलंय मी. किल्ली कुटं हाय?"

"आई, किल्ली जरा... एका गृहस्थांच्या खिशात आहे."

फोन ठेवतो तोच परत वाजला. कारखान्याचा वॉचमन कोंडीबा. "सायब, ट्रक आलाय बघा. गोदामाची किल्ली तुमच्याकडंच हाय न्हवं? ड्रायव्हर लई बोंबलतोय."

आई दारात, ट्रक गोदामापुढे, दुकान गायब, आणि घड्याळात नऊ बेचाळीस. पण खरं सांगतो, यातल्या कशानंही मी घाबरलो नव्हतो. मी बुद्धप्रियाकडे बघितलं, तेव्हा घाबरलो. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती घड्याळाकडे बघत होती. तीन वर्षांचा अभ्यास मी एका बटणात घालवला, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

"प्रिया, मी काहीतरी..."

"तुम्ही आता काहीही करू नका," ती म्हणाली. मग अजिनाथकडे वळली. "दादा, तुमचा अर्ज क्रमांक आहे ना जवळ?"

"हाय की ताई. वहीत लिवलाय."

"मग चला. समोरच्या गल्लीत दुसरं दुकान आहे."

दोघं पळाले. मी मल्लिकार्जुनचा ओलीस म्हणून जागच्या जागी उभा. दहा मिनिटांनी दोघं परत आले, दोघांच्याही हातात छापलेला कागद! नंतर कळलं की तिनं तो चौदा आकडी क्रमांक एका दमात तोंडपाठ सांगितला होता. आणि मी तिला पेन ड्राइव्हची स्मरणशक्ती किती आहे ते सांगत फिरत होतो!

"ताई, बसा मागं," अजिनाथ मोटरसायकलला किक मारत म्हणाला.

"निघते," तिनं मला सांगितलं, "आणि आईंना शेजारी बसायला सांगा." मोटरसायकल निघून गेली.

मी उरलो, मल्लिकार्जुन उरला आणि माझा अर्धा गॉगल उरला. रांग कधीच दुसऱ्या दुकानाकडे गेली होती. मी पुन्हा एकदा समजावलं. त्यानं पुन्हा एकदा स्टेपलर उगारला. असं पाऊण तास चाललं. ट्रकवाल्याचे तीन फोन आले, आईचे पाच.

आणि मग लाईट गेली! पंखा थांबला, पडदा विझला, मल्लिकार्जुननं छातीवर हात मारून घेतला. "गेलं! उरलंसुरलं पण गेलं!"

पाच मिनिटांनी लाईट आली. त्यानं बटण दाबलं. कॉम्प्युटर गुरगुरला आणि पडद्यावर त्याच्या नातीचा फोटो उगवला. खाली अकरा वर्षांच्या फायली, एकही हललेली नाही!

"बघितलंत? मी हेच सांगत होतो! बंद करून चालू!"

"तू काय केलास?" मल्लिकार्जुन डोळे पुसत म्हणाला. "लाईटवाल्यांनी वाचवलं मला!" आणि जुडगा माझ्या अंगावर फेकला. "परत हिकडं दिसू नको."

घर उघडलं, गोदाम उघडलं, ट्रक भरला, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या आणि मग केंद्राच्या गेटसमोर जाऊन उन्हात उभा राहिलो. बुद्धप्रिया बाहेर आली. पेपर कसा गेला, हे विचारायचं धाडस मला होईना. तिनंच सांगितलं, "बरा गेला." आणि मग, "तुम्ही जेवलात का?" मला तिथंच रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली असं मी म्हणालो.

ती निवडली गेली! आज ती सरकारी कार्यालयात लिपिक आहे. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?" ती म्हणाली, "हो सर. आमच्या मिस्टरांमुळे काय करू नये ते तर सगळंच येतं." त्याच दिवशी तिला कॉम्प्युटरवर बसवलं.

दुसऱ्या आठवड्यात ती डबा घरी विसरली. मी घेऊन गेलो, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. दारावर नवी कोरी नोटीस लावलेली होती: "कार्यालयातील संगणकास कोणत्याही बाहेरील व्यक्तीने पेन ड्राइव्ह लावू नये. आदेशावरून." मसुदा आणि टायपिंग बुद्धप्रियाचं. तिचं पहिलं सरकारी काम! मी तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एकसुद्धा चूक नव्हती. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू!

तेवढ्यात शिपाई धोंडिराम आडवा आला. "मॅडमचे मिस्टर का तुमी?"

"हो!" मी छाती आणखी फुगवली.

"खिशात पेन ड्राइव्ह हाय का?"

आता नाही कसं म्हणणार? मी मान डोलावली.

"मग डबा द्या हिकडं. तुमी भाईरच थांबा."

डबा आत गेला.