सिरिल पिकल्सची काचलोकर

“कामाला माणूस बोलावू या,” असं मॉरीन म्हणाली होती. तिचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिच्या नवऱ्यानं, सिरिल पिकल्सनं, हॅलिफॅक्सच्या बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रकं लावली होती, आणि त्या बळावर जगातलं कुठलंही काम आपल्याला जमतं असा त्याचा समज होता. (बसगाड्या कायम उशिरा यायच्या, तो भाग वेगळा.)

प्रश्न सिरिलला मावशीकडून वारशानं आलेल्या घराचा होता. तिथं विनिफ्रेड शॉ ही ब्याऐंशी वर्षांची निवृत्त शाळामास्तरीण एकोणीस वर्षं भाड्यानं राहत होती. घर किती ऊब धरतं याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. नव्या तपासणीत निदान ‘ई’ दर्जा मिळाला नाही, तर ते घर भाड्यानं देता येणार नव्हतं. म्हणजे विनिफ्रेडनं जायचं कुठं? तिनं सिरिलला तसं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “बाळा, खोकी आणून ठेवू का?” त्या एका वाक्यानं सिरिलची झोप उडाली.

तीन दिवस तो पोटमाळ्यावर रांगला. गुडघे सोलले, शिंका दिल्या, पण घरातली ऊब वर निसटू नये म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यात काचलोकर, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, अकरा इंच जाड पसरली. मग खाली उतरल्यावर त्याला दिसलं, की पोटमाळ्यावर जायच्या झडपेच्या फटीतून वारा येतोय. सिरिलनं झडप खिळे ठोकून बंद केली. वर प्लास्टर केलं. त्यावर रंग दिला. छत असं गुळगुळीत झालं की झडप कुठं होती ते त्याचं त्यालाही सांगता येईना.

गुरुवारी तपासायला समीना अख्तर आली. ब्रॅडफर्डची, शांत स्वभावाची मुलगी. तिनं खिडक्या पाहिल्या, बॉयलर पाहिला आणि विचारलं, “पोटमाळ्यावर कुठून जायचं?”

“जायचंच नाही,” सिरिल अभिमानानं म्हणाला. “वाऱ्यालासुद्धा जाता येत नाही.”

समीनानं पेन खाली ठेवलं. जे दिसत नाही ते तिला लिहिता येत नव्हतं. वर काही नाही असंच धरावं लागणार होतं, आणि मग दर्जा ‘एफ’, म्हणजे एका पायरीनं नापास. कामाचे फोटो असले तरी चालतील, असं ती म्हणाली. फोटो होते. बारा होते. बाराही फोटोंत सिरिलचा हसरा चेहरा काठोकाठ भरला होता. लोकर एकातही नव्हती.

दारात विनिफ्रेड उभी होती. तिनं भिंतीवरचं घड्याळ काढून पुसायला घेतलं. घर सोडणारी माणसं करतात तसं.

सिरिलला ते पाहवलं नाही. त्यानं तिची पाव कापायची सुरी घेतली, शिडीवर चढला आणि झडप असावी त्या जागी खुपसली. अंदाज चार फुटांनी चुकला. शंभर वर्षं जुनं प्लास्टर क्षणभर विचारात पडलं, मग तिथलं सगळंच्या सगळं खाली आलं आणि पाठोपाठ त्यावरची लोकर. धूळ बसली तेव्हा शिडीवर एक मेंढी उभी होती.

“मिस्टर पिकल्स, लागलं का?”

“दिसली का?” मेंढी म्हणाली.

समीनानं आधी त्याला खाली उतरवलं. मग भोकातून डोकं घालून बॅटरी मारली, उरलेल्या लोकरीत पट्टी खुपसली आणि वहीत लिहिलं: अकरा इंच. घराला ‘ई’ मिळाला. विनिफ्रेडनं घड्याळ परत खिळ्याला लावलं, सिरिलच्या कानातली लोकर काढली आणि त्याला शाळेतल्या पोरासारखं चहा पिऊन जा म्हणून बसवलं. दोघांचेही डोळे भरले होते. सिरिलनं धुळीचं निमित्त सांगितलं.

छत नीट होईपर्यंत विनिफ्रेडनं सिरिल आणि मॉरीनच्या घरी राहावं असं ठरलं. मॉरीननं (या वेळी माणूस तिनंच बोलावला) पाहुण्यांची खोली लावली. पहिल्या दिवशी विनिफ्रेड स्वेटर घालून जेवली. दुसऱ्या दिवशी कोट. तिसऱ्या दिवशी सकाळी ती टोपी घालून, पिशवी घेऊन खाली आली आणि म्हणाली, आता निघते.

“अहो, पण तिकडं छताला अजून भोक आहे,” सिरिल म्हणाला.

“हो रे बाळा,” ती त्याचा हात थोपटत म्हणाली. “तरी तिकडं जरा ऊब असते.”