लाल गाडी विकणे आहे

किंमत विचारली की मल्हारीनाना उजवा हात पुढे करत आणि त्यावर खांद्यावरचं उपरणं टाकत.

समोरचं गिऱ्हाईक गोंधळून जाई. बहुतेक जण हस्तांदोलन करत. पुण्याहून आलेल्या एका तरुणाला वाटलं, म्हातारा जादूचा प्रयोग करणार आहे. त्यानं मोबाइल काढून शूटिंगच सुरू केलं. एक बाई तर घाबरून नवऱ्याच्या मागे सरकल्या. नाना शांतपणे म्हणत, "हात घाला आत. चावत न्हाई. भाव तोंडानं सांगत नसतेत." मग उपरण्याखाली ते गिऱ्हाइकाची बोटं एकेक करून दाबत. जनावरांच्या बाजारात व्यवहार असाच होतो. कोणतं बोट, किती वेळा, यावरून आकडा ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. नानांनी टेंभुर्णीच्या बाजारात मेंढरं, बकऱ्या, बैल असेच विकले. आता ते विकत होते एक लाल रंगाची, दोन दारांची, विमानासारखा आवाज करणारी परदेशी गाडी.

नवीन जालन्यातल्या आमच्या कॉलनीत या गाडीबद्दल दोन गोष्टी अजूनही सांगितल्या जातात. एक, धनगराच्या म्हाताऱ्याला हौस आली आणि त्यानं पांढरा हत्ती घेतला. दोन, आयुष्यभर व्यापार केला म्हणतो, पण एक गाडी विकता आली नाही. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मला हे नक्की माहीत आहे, कारण पहिली मी नाकारली नाही आणि दुसरी मीच पसरवली. माझं वय आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलं. खुलासा करायचा तर आता केलेला बरा.

मी बँकेत वाहनकर्ज विभागात होतो. त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. गाडी चालवण्यातलं नव्हे, विकण्यातलं. कुणी नवी गाडी आणून पेढे दिले, तर पेढा तोंडात असतानाच मी सांगायचो, "शोरूमच्या बाहेर चाक पडलं की किंमत घसरली बरं का." माझ्या पुतण्यानं एकदा हिरवी गाडी घेतली, तर मी आठवडाभर त्याच्याशी नीट बोललो नाही. हिरव्याला रिसेल नसते.

नाना माझ्या शेजारी राहायला आले ते गुडघ्यांमुळे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. मुलगा पुण्याला नोकरीत. त्यानं दवाखाना जवळ असावा म्हणून इथे बंगला घेऊन दिला आणि वडलांना टेंभुर्णीहून उचलून आणलं. बायको आधीच गेलेली. घरात सगळं होतं: गरम पाण्याचं यंत्र, मोठा टीव्ही, पाठ शेकायची गादी. नाना अंगणात बाज टाकून रस्त्याकडे बघत बसत.

अशा, व्यापाराचे पैसे बँकेत पडून असलेल्या माणसाला मी म्हणालो, "नाना, एक गाडी आहे. मूळ किमतीच्या पाव भावात. घेऊन ठेवू, सहा महिन्यांत नफ्यात काढू."

संभाजीनगरच्या एका श्रीमंत पोराला ती घाईनं विकायची होती. घाई का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी बँकेतला. नानांनी मात्र गाडीभोवती तीन चकरा मारल्या. तिच्या पाठीवर थाप मारली. टायरच्या खाचांत बोट घालून दात मोजल्यासारखं केलं. पुढचं झाकण उघडायला लावलं, तर आत इंजिनच नाही!

"सायब," नाना माझ्या कानात म्हणाले, "हिला काळीजच न्हाई."

पोरानं हसत मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं. नाना तरी मान हलवत राहिले. "ज्याचं काळीज शेपटापाशी, ते जनावर मी घेत नसतो. पर सायब म्हनून राह्यले, मंग घेऊ."

सायब म्हणून राह्यले. मी म्हणत होतो, एवढंच त्या खरेदीचं कारण होतं. कॉलनीनं पुढे 'म्हाताऱ्याची हौस' म्हटलं, तेव्हा मी चहाचा घोट घेत होतो.

नानांना गाडी चालवता येत नव्हती. ते काम माझ्याकडे आलं. स्टिअरिंग हातात आलं तेव्हा मी आतून मोहरून गेलो होतो, तेही लपवत नाही. संकष्टीला आम्ही राजूरच्या गणपतीला निघालो. ताशी अडीचशेनं धावणारी गाडी. पण तिचं पोट जमिनीपासून चार बोटं वर, आणि आपल्याकडचे गतिरोधक गुडघ्याएवढे. नानांनी पुढच्या रिकाम्या डिकीत दोन फळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक गतिरोधकाला मी थांबायचो, नाना ऑपरेशन केलेल्या गुडघ्यांनी उतरायचे, फळ्या लावायचे, मी गाडी चढवायचो, ते फळ्या गोळा करून परत बसायचे. मागे गाड्यांची रांग, पुढे हसणारी माणसं. वाटेत एक मेंढरांचा कळप आम्हाला ओलांडून पुढे गेला. नानांनी खिडकीतून मेंढक्याला रामराम केला. तो म्हणाला, "नाना, बंद पडली का?"

"न्हाई रे," नाना म्हणाले, "चालूच है. सायब जपून चालवून राह्यले."

सहा महिने झाले, वर्ष झालं. नफा तर सोडाच, गाडी खायला उठली. विमा. उभ्या उभ्या मेलेली बॅटरी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. उन्हात तडकलेले टायर. बरं, जालन्यात तिला हात लावणारा मिस्त्री नाही. तिला ट्रकवर चढवून मोठ्या शहरात न्यायचं, म्हणजे तिचा आजार वेगळा आणि रुग्णवाहिका वेगळी. खर्चाचा आकडा नानांना सांगितला की ते तो मेंढरांत बदलून घेत. एक टायर म्हणजे चार मेंढ्या. सर्व्हिसिंग म्हणजे दहा बकरे.

"मेंढी लोकर देती, लेंडी देती, पिल्लू देती," नाना म्हणाले. "हिनं काय दिलं?"

"प्रतिष्ठा," मी म्हणालो.

"ती कोन्त्या बाजारात इकती?"

रिसेल व्हॅल्यूची बातमी मी त्यांना डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तशी देत असे. "नाना, यंदा आणखी घसरली."

"म्हातारी झाली म्हना की. आपन तरी कुठं वर चाललो?"

शेवटी मी जाहिरात टाकली. मोबाइलवर फोटो, खाली 'विकणे आहे, फक्त रविवारी भेटणे'. रविवार नानांनी सांगितला. टेंभुर्णीची सवय असेल, आठवड्यातला एक दिवस बाजाराचा.

आणि लोक यायला लागले. नांदेडहून, बुलढाण्याहून, कुठून कुठून. नाना सकाळी दाढी करून धुतलेलं धोतर नेसून तयार. अंगणात सतरंजी. मोठ्या पातेल्यात चहा. आल्या आल्या गाडीचं बोलणं नाही. "गाव कोन्तं? वडील काय करतेत? पाऊसपानी?" गिऱ्हाईक जेवल्याशिवाय जात नसे. परभणीचा एक मास्तर बायकोपोरांना घेऊन तीनदा येऊन गेला. त्याच्या पगारात त्या गाडीचा आरसाही आला नसता. तो गाडी बघायला येतच नव्हता, हे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

पण खरं गिऱ्हाईकही येई. नाना त्याला बोटांची भाषा शिकवत आणि उपरण्याखाली भाव ठरे. नाना वाजवी भाव लावत, पैसेवाला खूश होई, आणि मग नाना म्हणत, "एक सांगायचं राह्यलं. चावी मी देत नसतो."

"म्हणजे?"

"जनावर इकलं तरी दावं इकायचं नसतं. दावं मालकाच्या घरी राह्यलं पाह्यजे, न्हाई तर दावण मोडती. दोन्ही चाव्या माझ्यापाशी राहतेन."

गिऱ्हाईक आधी हसे, मग चिडे, मग जाई. अशी कितीतरी गेली. मी कपाळ बडवून घ्यायचो. "नाना, चावीशिवाय गाडी कोण घेईल?" नाना म्हणत, "रीत म्हंजे रीत." मी कॉलनीभर सांगत सुटलो, की माणूस भला आहे, पण व्यवहारात अगदीच कच्चा, अंधश्रद्धेपायी लाखांचं नुकसान करून घेतो. लोक हसले. मीही हसलो. घसरणारी ती किंमत मला रात्री झोपू देत नव्हती. गाडी नानांची होती, पण फजिती माझी होती.

मग संभाजीनगरचे एक डॉक्टर आले. शौकीन आणि पैसेवाले. मी त्यांना आदल्या दिवशीच फोनवर पढवून ठेवलं. चावी मागू नका, कंपनीकडून नवी करून घ्या, तो खर्च धरूनच भाव करू. त्यांना बोटांची भाषा शिकत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांच्या वतीनं उपरण्याखाली हात मी घातला. ती भाषा मला नानांनीच रिकाम्या दुपारी शिकवली होती. मी बोटं दाबली. नानांनी दाबली. सौदा पक्का झाला.

"चावीचं एक सांगायचं राह्यलं," नानांनी सुरुवात केली.

"ठेवा की तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाले. "रीत आहे ना तुमची? मी नवी करून घेतो."

नानांनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. हात अजून उपरण्याखाली होते. त्यांनी माझी बोटं घट्ट धरून ठेवली. मला वाटलं, आनंदानं. बोटं दाबून दिलेला शब्द बाजारात कुणी मोडत नाही. नानांनी आयुष्यात मोडला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "बराबर है. न्या मंग."

चावी नसलेली गाडी ट्रकवर उचलून न्यावी लागली. मी पेढे वाटले.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवरून सहज खाली पाहिलं. नाना दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बाजेवर बसलेले. अंगणात सतरंजी. गॅसवर ते मोठं पातेलं असणार, कारण आल्याचा वास माझ्यापर्यंत येत होता. मी वरून विचारलं, "नाना, कोण यायचंय?"

"कोन्ही न्हाई सायब. सवय है."

मी खाली येऊन हे बायकोला हसत हसत सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांची गाडी नाही विकली. त्यांचा बाजार उठवला."

तव्यावरची भाकरी फुगली, उतरली, तरी मी तिथेच उभा होतो. ज्या माणसानं टेंभुर्णीच्या बाजारात लंगडा बैलही चालवून दाखवला आणि विकला, त्याला गिऱ्हाईक टिकवता येत नव्हतं म्हणे! ते टिकवतच होते, फक्त सौद्याच्या अलीकडे. आणि चावीची ती रीत खरी की बनवलेली, हे विचारण्याचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

महिनाभरानं मी त्यांच्या बाजेवर जाऊन बसलो. माझ्याकडे एक पांढरी छोटी गाडी आहे, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली. म्हणालो, "नाना, माझी गाडी विकायचीय. मला व्यवहार जमत नाही. तुम्ही बघाल?"

नानांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "कधी इकायची?"

"घाई नाही."

"किती दिस लागतेन, सांगता येत न्हाई."

"लागू द्या."

"मंग ऐतवारी बोलवा."

पहिल्या रविवारी मंठ्याचे एक गुरुजी आले, बायको आणि सासऱ्यासह. नानांनी पाऊसपाणी विचारलं, जेवू घातलं, माझ्या गाडीची अशी तारीफ केली की मलाच ती नव्यानं घ्यावीशी वाटली. भाव ठरला. गुरुजींनी विसाराचे पैसे खिशातून काढले. मी नानांकडे बघत होतो. इथे दोन चाव्यांची रीत चालणार नव्हती. छोट्या गाडीची चावी बाजारात कुणीही करून देतो.

नानांनी गुरुजींच्या हातावर हात ठेवला. "पावनं, तुमी माझ्या घरी जेवले, म्हनून सांगतो. गाडीत काही खोट न्हाई."

"मग?"

"मालकात है. मानूस लई लबाड. इस्वास ठिवला की दगा देतो. मी सोता अनुभव घेतला है."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी पाहिलं. नाना मात्र पानाला चुना लावत होते.

"खरं आहे का हो?" गुरुजींनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

पैसे खिशात परत गेले. नाना त्यांना फाटकापर्यंत सोडायला उठले. "पर पुढच्या ऐतवारी या," ते म्हणत होते, "तवर मी मालकाला समजावून बघतो."

मी कप उचलून आत गेलो आणि ते विसळायला बसलो.