ढकलायचं बटण

या प्रकरणात मला काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचा मूर्खपणा तुम्हाला मूर्खपणा न वाटता गुंतवणूक वाटेल!

माझ्या ताईच्या तोंडून, मला समजायला लागल्यापासून, 'तुझं बरोबर आहे' एवढे शब्द माझ्यासाठी कधी निघालेले नाहीत. माझ्या बायकोसाठी निघालेत, दूधवाल्यासाठी निघालेत, एकदा तर चुकून फोन लागलेल्या अनोळखी माणसासाठी निघाले! मला मात्र ती अजून 'ठोंब्या'च म्हणते. आणि त्याच ताईनं परवा फोन करून मला चक्क सल्ला विचारला.

ताईचं पाळणाघर आहे. चार ते सहा वर्षांची मुलं, एक मोठी खोली आणि एक टीव्ही. एका मुलाच्या आईबाबांनी तिला खेळांचा व्हिडिओ गेम भेट दिला होता. धावायची शर्यत, बोलिंग, टेबल टेनिस. चौघांनी हातात रिमोट धरून टीव्हीसमोर उड्या मारायच्या. खोक्यावर चार हसरी मुलं. ताईचा खोक्यावरच्या मुलांवर विश्वास नाही, कारण ती खरी सांभाळते.

"ठोंब्या, तू बागेतली खेळणी तपासतोस ना? मग हेही तपास. मला दोनच गोष्टी सांग. हरल्यावर मुलं भोकाड पसरतील का? आणि यात म्हणे दुसऱ्याला ढकलायचं बटण आहे. ते दाबून दाबून मुलं खरोखरची ढकलाढकली शिकतील का? सोमवारी सगळे पालक मला विचारणार आहेत. तू सांगशील तसं करते."

तू सांगशील तसं! मी फोन ठेवला आणि आरशात बघून केस सारखे केले.

झोपाळे, घसरगुंड्या, सी-सॉ तपासणं हाच माझा पेशा. कुठे बोट चेंगरतं, कुठे डोकं अडकतं, मूल पडलं तर कुठपर्यंत पडेल, हे मी नुसत्या नजरेनं सांगतो. आमचा पहिला नियम असा, की तपासणी झाल्याशिवाय मूल चढवायचं नाही. आधी तपासनीस चढणार! त्यामुळे या शहरातली एकही घसरगुंडी अशी नाही, जिच्यावरून मी घसरलेलो नाही. माझ्या पँटी पुढून नव्या आणि मागून पारदर्शक असतात.

शनिवारी दुपारी ताईकडून गेम आणून घरच्या टीव्हीला जोडला. मुलं आणायची नव्हती, म्हणजे मुलं आम्हीच व्हायचं होतं.

"तू पाच वर्षांची," मी बायकोला म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी तपासनीस."

"म्हणजे रोजच्यासारखंच. मी राबायचं, तुम्ही बघायचं."

म्हणून मग मी सहा वर्षांचा झालो. मुलांची उंची यावी म्हणून दोघं गुडघ्यांवर. हात पसरून गरकन फिरलं की जेवढी जागा लागते, तेवढं एकेक वर्तुळ प्रत्येकाभोवती खडूनं काढलं. बागेत झोपाळ्याभोवती आखतो, तसंच! चार खेळाडूंची चार वर्तुळं. शेवटी लोकरीचे पायमोजे काढले आणि दोघांच्या हातांत चढवले.

"हे कशाला?"

"लहान मुलांची बोटं बटणांपर्यंत नीट पोचत नाहीत. तो परिणाम साधायचा आहे."

"सगळंच नीट पोचेनासं झालंय तुमचं," बायको पायमोजा चढवत म्हणाली.

पहिला खेळ बोलिंग. मी गुडघ्यांवर झुललो, हात मागे नेला आणि दणकून चेंडू टाकला. पडद्यावरचा चेंडू जागचा हलला नाही. रिमोट मात्र साबणाच्या वडीसारखा पायमोज्यातून निसटला, भिंतीवरच्या घड्याळाला चाटून गेला आणि कोपऱ्यातल्या दिव्यावर आदळला. दिवा खाली! काच घरभर!

"रिमोटला मनगटात अडकवायची दोरी असते," बायको म्हणाली.

"ती पायमोज्यावरून जात नाही."

"मग पायमोज्यावर बंदी घाला! गेमला काय विचारता?"

मी काच गोळा करत होतो, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. खालच्या मजल्यावरचे काका! जन्मभर परीक्षांवर देखरेख करून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडे चमचा पडला तरी ते वर येऊन विचारतात, कुठला चमचा? बायकोनं तसंच गुडघ्यांवर सरकत जाऊन दार उघडलं. काकांनी तिचे हात पाहिले, माझे हात पाहिले, जमिनीवरची वर्तुळं पाहिली आणि एक पाऊल मागे सरकले.

"काही... चाललंय का तुमचं?"

"काका, बरं झालं आलात!" बायको म्हणाली. "आम्हाला अजून एक मूल हवंच होतं!"

काकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मी धावत जाऊन सगळा खुलासा केला. तपासणी हा शब्द ऐकल्यावर त्यांच्या गालांवर रंग परत आला.

"मग तपासणीला त्रयस्थ माणूस हवाच. मी खेळणार नाही. फक्त लक्ष ठेवीन," ते म्हणाले आणि दार उघडंच टाकून आत आले.

पायमोजे काढले, उभे राहिलो आणि शर्यत सुरू केली. वाटेत नदी, नदीवर एक ओंडका, आणि ओंडक्यावर आलं की ते बटण. दाबलं की पुढचा गडी पाण्यात! मग तो बुडबुडे काढत वर येतो आणि मागे राहतो. काकांनी एक शर्यत पाहिली. दुसऱ्या शर्यतीला म्हणाले, "लक्ष नीट ठेवायचं तर आतून ठेवावं लागतं." तिसऱ्या शर्यतीला रिमोट त्यांच्या हातात होता!

आता या माणसानं गेली कित्येक वर्षं आमच्या कपड्यांच्या मशीनविषयी, पायपुसण्याविषयी आणि बायकोच्या शिंकेविषयीसुद्धा तक्रारी केल्या आहेत. बायको आजवर नुसतं हसून 'हो काका' म्हणत आली. ते सगळे 'हो काका' व्याजासकट त्या ओंडक्यावर उभे होते.

"हे मशीनबद्दल!" धप्प. काका पाण्यात.

"वहिनी, हा अन्याय आहे!"

"हे पायपुसण्याबद्दल!" धप्प.

"वहिनी, तुम्ही पडद्याच्या माझ्या भागात बघताय! ही सरळ कॉपी आहे!"

"आणि हे शिंकेबद्दल!" या खेपेला बटणाबरोबर तिचं कोपरही लागलं. काका खरोखरचे सोफ्यावर जाऊन पडले. उठले, रिमोट गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"मी नाही खेळत, जा!"

खालचा ओठ थरथरत होता. देवाशप्पथ!

मी आजूबाजूला नजर टाकली. खडूची वर्तुळं जवळजवळ पुसली गेली होती. सगळे सगळ्यांच्या घेरात शिरले होते. एक रडवेला झाला होता, एक ढकलाढकलीत तरबेज. ताईच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्यासमोर धापा टाकत होती!

"नापास," मी जाहीर केलं. "ताईला सांगतो, गेम परत करून टाक."



"परत म्हणजे?" काका भिंतीकडून वळले. "आज?"

"अहो, मुलांच्या दृष्टीनं किती चांगला आहे!" बायको म्हणाली. "व्यायाम होतो."

"चिकाटी वाढते," काका म्हणाले. "आणि शेजारी-शेजारी जवळ येतात. बघा, मी यापुढे मशीनबद्दल एक शब्द बोलणार नाही. मात्र गेम पास झाला पाहिजे."

आयुष्यभर कॉपी पकडणारा माणूस तपासनिसाला फितवत होता! पण मी डगमगलो नाही. म्हणालो, निकाल बदलणार नाही. फार तर खात्रीसाठी शेवटची एक शर्यत. मला न्याय करायचा होता हो. आता न्यायाच्या ओघात मी दोघांनाही पाण्यात ढकललं, पहिला आलो आणि सोफ्यावर चढून दोन्ही हात वर करून ओरडलो, "कोण जिंकलं? कोण जिंकलं? सांगा ना कोण जिंकलं!"

"ठोंब्या."

उघड्या दारात ताई उभी होती. तिच्या पदराला चार मुलं. त्यांचे आईबाबा अजून कामावरून सुटले नव्हते, म्हणून ती त्यांना घेऊन सरळ निकाल घ्यायलाच आली होती. तिनं मला पाहिलं, काकांचे रडवेले डोळे पाहिले, बायकोचं उगारलेलं कोपर पाहिलं. मग जमिनीवर अर्धवट उरलेल्या एका वर्तुळावर तिची नजर थांबली.

"हे काय?"

"पडलं तर कुठपर्यंत पडेल, तो घेर," मी सोफ्यावरून उतरत म्हणालो. "प्रत्येकानं आपल्या घेरात राहायचं."

"काढ परत. चार."

मी काढली. मुलं गुपचूप एकेका वर्तुळात जाऊन उभी राहिली. एका मुलीनं पायाची बोटं रेषेच्या आत ओढून घेतली आणि शेजारच्याला बजावलं, "रेषेवर पाय ठेवायचा नाही हं." त्यानं लगेच आपलीही तपासून घेतली. मनगटात दोऱ्या गेल्या आणि शर्यत सुरू झाली.

ओंडका आला. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. एकानं बटण दाबलं. पुढची मुलगी धप्पकन पाण्यात!

ती किंचाळली. "ए, मला बुडबुडे आले! मला बुडबुडे आले!"

"मला पण ढकल!"

"आधी मला!"

मग चौघांनी मिळून जे चालवलं ते मी आजवर कुठल्याच मैदानात पाहिलेलं नाही. आळीपाळीनं ओंडक्यावर यायचं, स्वतःला ढकलून घ्यायचं आणि बुडबुडे मोजायचे. शेवटच्या रेषेकडे कुणी फिरकलंच नाही. हरायला कुणाला वेळच नव्हता! आणि एवढ्या हसण्या-नाचण्यात एकही पाय खडूच्या बाहेर पडला नाही.

"पण कुणीतरी पुढे जा ना!" काका कळवळून म्हणाले. मुलांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

ताईनं वाकून चारही वर्तुळं तपासली. मग माझ्याकडे वळली.

"पास. पण वर्तुळं हवीत. वर्तुळांचं तुझं बरोबर आहे."

ऐकलंत? बायको साक्षीला आहे, काका साक्षीला आहेत! मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, तर तिनं पुन्हा म्हटलंही! त्या दिवशी मी फुटलेला दिवा बाहेर टाकायला निघालो, तो मिरवणुकीत निघाल्यासारखा.

आता उरलेला हिशेब. मुलांना गेम मिळाला, पालकांना समाधान मिळालं. ताईनं अजून एक नियम केलाय, की मोठ्यांनी हा गेम तिच्या देखरेखीखालीच खेळायचा. त्यामुळे काकांना शनिवारची दुपार मिळाली आणि बायकोला ढकलायला काका मिळाले. खर्ची पडला मी. पाळणाघराची फरशी रोज पुसतात आणि खडू रोज जातो. म्हणून रोज सकाळी मुलं यायच्या आत मी तिथे गुडघ्यांवर बसून चार वर्तुळं काढतो. ताई चहाचा कप घेऊन डोक्यावर उभी असते. काल म्हणाली,

"ठोंब्या, तिसरं वाकडं आलंय."

वाकडं आलंच होतं. पुसून परत काढलं.