लोंबतं टोक

टेलरमास्तरांना लोंबणारी वस्तू बघवत नसे. गिऱ्हाईक आपल्या मुलाच्या आजारपणाचं सांगत असलं, तरी यांचं लक्ष त्याच्या बाहीच्या सुटलेल्या दोऱ्यावर. एकदा बसच्या रांगेत पुढच्या अनोळखी गृहस्थाच्या कॉलरचा दोरा त्यांनी दाताने तोडला होता. ते गृहस्थ इतके घाबरले की बस सोडून चालत गेले.

आणि अशा माणसाच्या दुकानात, कापडं बेतायच्या टेबलाखाली, मुलीने इंटरनेट बसवून घेतलं! खाली दुकान, वर घर. वाय-फाय जिना चढताचढताच दम सोडायचं, म्हणून वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसाठी तिने दुकानातून वेगळी वायर ओढली होती.

"बाबा, हा राउटर. बाहेरचं इंटरनेट हा आत आणतो. आणि ही भोकांची डबी म्हणजे स्विच. आलेला निरोप ज्या मशीनचा त्यालाच पोचवायचा, हे हिचं काम."

"तिला कसं कळतं कुणाचं कुठलं?"

"प्रत्येक मशीनचा पत्ता असतो ना."

"म्हणजे आपण कपड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावतो, तसंच."

"अगदी तसंच!" मुलगी खूश झाली. मास्तर तर तिच्याहून खूश.

"आणि ही वायर का लोंबतेय?"

"ती जादाची आहे. एक टोक डबीत, दुसरं मोकळं. पुढे दुकानात कॉम्प्युटर घेतला की लागेल. तोवर तिला हात लावू नका."

"मी कशाला लावू?" मास्तर म्हणाले. पण नजर त्या टोकावरच.

सोमवारी अकरा वाजता मुलीची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरूनच. नेट बंद पडलं की लोक ज्या मदत-केंद्राला फोन करून शिव्या घालतात, तिथली नोकरी. शिव्या खायच्या, पण घरी बसून. आधीच्या दोन मुलाखतींत तिची बोबडी वळली होती. आता तिसरीही हुकली, तर मावशीच्या ओळखीने एका ऑफिसात फायली लावायला जायचं ठरलं होतं. पोरीला फायली लावायच्या नव्हत्या, वायरी लावायच्या होत्या.

अकराला पाच मिनिटं असताना मास्तर हेडसरांच्या नव्या कोटाची बाही टाचण्यांनी बसवत होते. हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. आपल्याला माहीत नाही अशी एखादी गोष्ट असते, हे त्यांना माहीत नव्हतं. मास्तर खडू उचलायला वाकले आणि ते टोक त्यांच्या नाकासमोर झुलायला लागलं. शेजारी डबीत एक भोक रिकामं. मोकळं बटण आणि मोकळं काज समोरासमोर आलं, की शिंप्याचा हात परवानगी मागत नाही. टक्!

डबीवरचे सगळे दिवे भराभर लुकलुकायला लागले.

"बघा, कसा जीव आला!" मास्तर हेडसरांना म्हणाले.

वरती मात्र जीव गेला. मुलाखत घ्यायला बसलेल्या मॅडम आणि साहेब स्क्रीनवर तोंड उघडं टाकून थिजले. मुलीला दरदरून घाम फुटला. तिने मोबाइलच्या डेटावरून कशीबशी मुलाखत परत जोडली. "सॉरी मॅडम, आमचं नेट..."

"गेलं? मग हीच तुमची परीक्षा," मॅडम म्हणाल्या. "तुमची वायर कुठून येते?"

"खालून, दुकानातून. तिथे बाबा आहेत."

"त्यांना दुसऱ्या फोनवरून फोन लावा आणि स्पीकर चालू ठेवा. खुर्चीतून उठायचं नाही. आम्ही ऐकतो."

शेजारी उभ्या असलेल्या आईने आपला मोबाइल पुढे केला. पोरीने दुकानाचा नंबर लावला.

"नमस्कार. आपल्याला काय अडचण आहे?"

"अगं नमस्कार कसला? मी बोलतोय, तुझा बाप!"

"बाबा, तुम्ही... कशाला हात लावलात का?"

"मी? छे!"

मागून हेडसर गरजले, "सर्व्हर डाउन असणार! नाहीतर आयपी अ‍ॅड्रेस संपला असेल. रिचार्ज मारा म्हणावं!"

"एखादी वायर वगैरे हलली का?"

"एकदा सांगितलं ना, नाही. तू इंटरव्ह्यूचं बघ. त्या साहेबलोकांना म्हणावं थांबा जरा. पण ते कसले थांबतायत! खुर्चीत बसून दुसऱ्याच्या पोरांना घाम फोडायचा, एवढंच येतं त्यांना."

पोरीने डोळे मिटले. आईने पदर तोंडाला लावला. मोबाइलमधल्या साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "डबीवरचे दिवे कसे दिसतायत?"

"झकास! सगळे एकदम. थांबायचं नाव नाही."

पोरीला कळलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. ते तिने गिळलं.

"बाबा, हेडसरांच्या बाहीचं मनगटाकडचं तोंड जर खांद्याकडच्या तोंडाला शिवलं, तर काय होईल?"

"असं कोण गाढव शिवेल?"

"समजा शिवलं."

"मग हात बाहेर कुठून निघणार? आतल्या आत गोल फिरत बसेल."

"डबीतला निरोप तसाच फिरत बसलाय. एका भोकातून निघतो, दुसऱ्यातून परत आत. बाकीचे निरोपही त्या गर्दीत अडकलेत."

खाली मास्तरांची नजर डबीकडे गेली.

"असं... कुणी केलं असेल गं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही, बाबा. होतं असं कधीकधी. फक्त एकाच वायरची दोन्ही टोकं डबीत दिसली, तर त्यातलं एक काढा."

"बघतो." टक्! "आपोआपच निघालं बघ ते."

वर कॉम्प्युटरवर मॅडम आणि साहेब पुन्हा हलायला लागले. मॅडमनी विचारलं, "तुमच्या लक्षात कधी आलं?"

"दिव्यांचं ऐकलं तेव्हा."

"मग सरळ का नाही सांगितलंत?"

"सरळ सांगितलं असतं, तर ओशाळून बाबांनी त्या डबीला पुन्हा बोट लावलं नसतं. आत्ता कुठे ते प्रश्न विचारायला लागलेत." एवढं सगळं ती न अडखळता बोलली होती, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात जिना धाडधाड वाजला. गळ्यात टेप घातलेले मास्तर आत घुसले, मागोमाग एकाच बाहीच्या कोटातले हेडसर. मास्तरांचा चेहरा पडला होता. पोरीकडे न बघता ते थेट स्क्रीनसमोर हात जोडून उभे राहिले.

"साहेब, मॅडम, पोरीची काही चूक नाही. ती हात लावू नका म्हणाली होती. ते टोक मीच खुपसलं. वर खोटंही मीच बोललो. मला काय शिक्षा करायची ती करा, पण तिची नोकरी घालवू नका."

पोरीचे डोळे भरून आले.

"आम्हाला माहीत आहे, मास्तर," साहेब म्हणाले. "आम्ही फोनवर सगळं ऐकत होतो."

"सगळं?"

"घाम फोडायचं धरून."

मास्तरांनी टेपने कपाळ पुसलं.

"तुमची मुलगी येत्या एक तारखेपासून आमच्याकडे कामाला लागेल," मॅडम हसत म्हणाल्या. "आणि मास्तर, आमच्याकडे दिवसाला दोनशे फोन येतात. प्रत्येक जण म्हणतो, मी कशालाच हात लावला नाही. हात लावला म्हणून कबूल करणारे तुम्ही पहिलेच."

आईने पदर तोंडावरून काढला आणि ती पुढे वाकली.

"आमच्या घरातसुद्धा, मॅडम," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदाच."