मेस ओस का पडली?

लातूरच्या सौदामिनीबाईंची मेस भूकंपानंतर सुरू झाली आणि क्लासेसच्या जिवावर वाढली. चाळीस मुली जेवायच्या. दिवाळीनंतर त्या एकवीसवर आल्या आणि बाईंची झोप उडाली. घर मेसवर चालत होतं. (ते नवऱ्याच्या, म्हणजे उद्धवरावांच्या, कारकुनीवर चालतं, असं फक्त उद्धवरावांना वाटायचं.)

नेमके तेव्हाच उद्धवराव नांदेडहून ऑफिसचं ट्रेनिंग घेऊन आले. वरवरची मलमपट्टी नको, 'का, का' विचारत मुळाशी जा, असं तिथं शिकवलं होतं.

"घोर लावून घेऊ नको. मी कारण काढतो," ते म्हणाले.

"तुम्ही काही काढू नका," बाई म्हणाल्या.

पहिलं कारण त्यांना भिंतीवर सापडलं. भूकंपाची भेग! पोरी भीत असणार. त्यांनी ऐन जेवणाच्या वेळी गवंडी लावला. प्लास्टर वरणात पडलं. सहा मुली गेल्या.

मग त्यांनी वरणच धरलं. स्वयंपाकाच्या शरणम्मांना विचारलं, "वरण पातळ का? पाणी जास्त का? लक्ष कुठं असतं?"

शरणम्मांनी उलथनं खाली ठेवलं. "आता पोळ्या बी तुमीच लाटा," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

त्या दिवशी सगळ्या पोळ्या सौदामिनीबाईंनी एकटीनं लाटल्या. भांडल्या असत्या तर बरं, असं उद्धवरावांना वाटलं. खरंच मेस बंद पडली तर?

दुसऱ्या दिवशी मेस सोडलेली देगलूरची इरा डबा परत द्यायला आली. त्यांनी तिला दारातच गाठलं.

"बाळ, खरं सांग. वरणामुळं गेलीस?"

"न्हाई काका. वरण चांगलं हाय."

"मग भेग?"

"कोणती भेग?"

"मग का गेलीस?"

इरा चपलेकडं बघत राहिली. "काका, दिवाळीपासून पहिला घास घेतला की तुम्ही टेस्टचे मार्क विचारता. मग कमी का पडले, ते विचारता. घास उतरत न्हाई."

उद्धवरावांनी लिहायला काढलेलं पेन तसंच खिशात ठेवलं. शरणम्मांच्या घरी जाऊन त्यांनी हात जोडले, त्यांना परत आणलं आणि जेवणाच्या वेळी स्वतः वाचनालयात जाऊन बसू लागले. महिन्याभरात मेस भरली.

एका सकाळी वाचनालयाचे गुरुबसप्पा काळजीनं घरी आले. "उद्धवराव, तुम्हाला कारणं काढता येतात म्हणं. आमच्याकडं अभ्यासाला पोरं येईनात."

उद्धवरावांनी उत्साहानं वही उघडली. "कधीपासून?"

गुरुबसप्पांनी जरा आठवलं. "तुम्ही यायला लागलात न्हाई का, साधारण तेव्हापासून."